कोऱ्या फळीवरचं वाचन

मला फुशारकी मारायची खोड आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी तोंडघशी पडेन तेव्हा कुणी उगाच हळहळायला नको.

देवबागात आमची अंगणवाडी आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे माडांच्या रांगा आणि त्या रांगांत आमची एक खोली. खोलीत अठरा मुलं, एक मदतनीस आणि मी, म्हणजे सेविका. मुलं मला बाई म्हणतात. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे, क कमळाचा, ख खटाऱ्याचा. ऐ ऐरणीचा आला की खोलीतल्या कुणाच्याच डोळ्यांपुढे काही येत नाही, माझ्याही नाही. तरी मी इतकी वर्षं तोच तक्ता घसा फोडून शिकवत होते आणि मुलं तितक्याच निष्ठेने जांभया देत होती.

मग ऑफिसातून चित्रांची कार्डं आली. मुलांचा शब्दसाठा किती हे तपासायचं होतं. एकेक कार्ड दाखवायचं, मुलाने नाव सांगायचं, आपण कागदावर बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. सफरचंद झालं, छत्री झाली, आणि मग एक निळा मासा आला, ओठ काढून हसणारा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पेडवो," पहिला म्हणाला.

"अरे खुळ्या, पेडव्याची शेपटी अशी आसता?" त्याच्या शेजारणीने त्याला ढकललं. "तारली ती!"

"तारली निळी खंय आसता?"

"ह्यो कुसलो, म्हणान निळो झालो," तिसऱ्याने निकाल दिला आणि नाकाला हात लावला. अठराच्या अठरा मुलांनी नाकं धरली. कार्डालाच वास येतोय असं दोघींना खरोखर वाटायला लागलं. माझ्या कागदावर अपेक्षित उत्तर छापलं होतं, "मासा". ते एकाच्याही तोंडून आलं नाही.

मी मदतनीसबाईंकडे पाहिलं. त्या खिचडी ढवळत होत्या. "माशाक मासो कोण म्हणता, बाई?" त्या म्हणाल्या. "बाजारात जावन मासो दी म्हटलास तर ती बायल तुमका खुळ्यात काढीत."

आता जी मुलं शेपटीवरून जात ओळखतात, त्यांना "मासा ओळखता येत नाही" अशी खूण मी करायची? माझं डोकं तापलं. मी सगळ्यांच्या नावांपुढे बरोबर अशी खूण केली आणि कार्डं कपाटात कोंबली. तापलेल्या डोक्यातच मला कल्पना सुचली. ह्यांचे शब्द जर किनाऱ्यावर आहेत, तर अक्षरंही किनाऱ्यावरच शिकवू. तिथे अक्षरं आहेतच की, होड्यांवर! प्रत्येक होडीच्या नाकाडावर हातभर मोठ्या अक्षरांत नाव रंगवलेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग वाळूत. हातात माडाच्या हिराची काठी, पुढे मी, मागे पदराची टोकं धरून अठरा जण. "जलराणी", "दर्याराजा", "मोरया", "कुलस्वामिनी". एकेका अक्षरावर काठी, मग मुलांचं बोट, डावीकडून उजवीकडे. मुलांना असा काही चेव आला की काय सांगू! आठवड्याभरात चार होड्या, महिन्याभरात अकरा. जी मुलं तक्त्यावरच्या "कमळ" शब्दापुढे मठ्ठासारखी उभी राहायची, ती "कुलस्वामिनी" एका दमात म्हणत होती. जोडाक्षरासकट! लांब सुरूच्या झाडांतून वाचत होती. एक पोरगा तर होडी पाठमोरी असतानाही वाचायचा.

पाठमोरी! इथे तरी मला शंका यायला हवी होती की नाही? नाही आली. मला वाटलं, कोळ्याच्या पोरांची नजर तेज असते. माझे हात आभाळाला लागले होते आणि तिथून खालचं काही दिसत नव्हतं.

मालवणात आमची दर महिन्याला बैठक होते. तिथे मी उभी राहून सांगितलं की आमच्या अंगणवाडीतली साडेचार वर्षांची मुलं जोडाक्षरं वाचतात. बाकीच्या सेविकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेवर मी पुढचे दोन महिने जगले. आमच्या पर्यवेक्षिका, ज्यांना आम्ही सगळ्या मॅडम म्हणतो आणि सगळ्या टरकतो, चष्म्यावरून म्हणाल्या, "असं? मग येते एकदा बघायला."

"कधीही या," मी म्हटलं.

आता त्या अठरांतल्या एका मुलीबद्दल सांगायला हवं. कारण ह्या सगळ्या हसण्याखिदळण्यात माझ्या हातून जे वाईट झालं, ते तिच्या बाबतीत झालं.

ती जानेवारीत आली. पाच वर्षांची, दोन घट्ट वेण्या, एक दात पडलेला. आईवडील कुडाळच्या आतल्या अंगाच्या गावातले, भात आणि काजूवाले. वडील इथल्या एका होमस्टेची गाडी चालवायला आले आणि आई तिथल्याच स्वयंपाकघरात लागली. मुलीने समुद्र पहिल्यांदा आमच्या अंगणवाडीच्या रांगेतून पाहिला, आणि दोन पावलं मागे सरून मदतनीसबाईंच्या पायाला मिठी मारली.

होड्यांच्या वर्गात ती कायम शेवटी. बाकीची मुलं "जलराणी!" ओरडून पुढच्या होडीकडे पळायची, तरी ही पहिल्याच होडीपुढे मान वाकडी करून उभी. बोट हवेत हळूहळू सरकायचं, ओठ हलायचे. आवाज बाहेर पडेपर्यंत वर्ग तीन होड्या पुढे गेलेला असायचा. "चल गो, चल," म्हणून मी तिला ओढायची. खोलीत परतल्यावर सगळी खिचडीकडे धावायची आणि ही भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. रुसली असेल, असं आधी वाटलं. रोजच उभी राहायला लागली तेव्हा मी वहीत लिहिलं, "मुलगी इतरांत मिसळत नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहते. गती कमी."

जुलैत तिची आई आली. पाऊस होता. तिने छत्री दारात ठेवली आणि ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. ओल्या हातांनी पदर पिळत म्हणाली, "बाई, माका खरां सांगा. ह्या चेडवाक काय येता काय नाय?"

"म्हणजे?"

"माजो भाव म्हणता, तिका गावाक ठेव, हयसरची शाळा तिका मानवणा नाय. चतुर्थीक आमी गावाक जातलों. तेवां तिका मामाकडेच ठेवूची काय, तां सांगा. तुमी म्हणशात तसां करतंय. माका लिवक-वाचूक येणा नाय, माका काय कळता?"

मी वही उघडली. माझंच अक्षर मी वाचलं. "गती कमी." आणि त्या पिळलेल्या पदराकडे न बघता मी म्हटलं, "थंय ठेवल्यास बरां. आपल्या माणसांत वायच मोकळी होईत."

तिने मुलीच्या वेण्यांवरून हात फिरवला आणि छत्री न उघडताच गेली. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोला, तेवढ्यापुरतंच. लगेच मी मुलांकडून "कुलस्वामिनी" म्हणून घेतलं आणि माझा जीव पुन्हा फुलला.

मॅडम आल्या त्या ऑगस्टात, नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी, न सांगता. त्याच्या आठवडाभर आधी पाऊस उघडला होता. पावसाळाभर होड्या वाळूत वर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेल्या असतात, त्यामुळे आमचा वर्ग दोन महिने किनाऱ्याकडे फिरकला नव्हता. आता सणासाठी होड्या उघडल्या होत्या, खरवडून, रंगवून तयार होत होत्या. वाडीतले सगळे पुरुष नावं रंगवणाऱ्या पेंटरच्या नावाने बोटं मोडत होते, कारण तो दोन दिवसांचा वायदा करून आठ दिवस झाले तरी आला नव्हता. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि तरीही मी मॅडमना घेऊन निघाले. फुशारकीने माणूस आंधळा होतो तो असा.

मी मॅडमच्या पुढ्यात उलटी चालत होते. म्हणजे तोंड मॅडमकडे, पाठ होड्यांकडे, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. माझ्या मागून मुलांचा आवाज आला, "जलराणी! दर्याराजा! मोरया!" किती खणखणीत! मी मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा काहीतरी वेगळाच झाला होता. मी तो कौतुकाचा समजले.

"बोट ठेवून वाचून दाखव बघू," मॅडम हळूच एका पोराला म्हणाल्या. हा तोच, पाठमोरा वाचणारा.

तो ऐटीत पुढे झाला. होडीच्या फळीवर बोट टेकवलं, डावीकडे, अगदी मी शिकवलं होतं तसं. आणि बोट सरकवत, प्रत्येक अक्षराशी क्षणभर थांबत म्हणाला, "कु... ल... स्वा... मि... नी."

तेव्हा मी मागे वळले.

फळी कोरी होती. निळाशार नवा रंग, उन्हात चकाकणारा, आणि त्यावर एकही अक्षर नाही! शेजारची होडी कोरी. तिच्या शेजारचीही कोरी. अकराच्या अकरा होड्या कोऱ्या, आणि माझी सतरा मुलं त्यांच्यावरची नावं जोडाक्षरांसकट वाचत होती.

ती मुलं इतके महिने वाचत नव्हतीच. ती होडीला ओळखत होती, नाकाडाच्या वाकावरून, फळीच्या ठिगळावरून, काकाची कुठली आणि मामाची कुठली यावरून. अशा मुलाला नाव कशाला वाचायला लागतं? आपल्या आईला कुणी वाचून ओळखतं का?

तेवढ्यात मागून एक बारीक, चिडलेला आवाज आला. "बाई, हयसर कायच लिवलेला नाय!"

दोन घट्ट वेण्या. ती पुढे आली, फळीला नाक लावून तिने पाहिलं, मग पळत नाकाडाच्या पलीकडच्या बाजूला गेली. तिथे खरवडायचा राहिलेला जुन्या रंगाचा एक तुकडा होता. तिने त्यावर बोट ठेवलं. "हयसर 'नी' आसा," ती म्हणाली, "बाकी पुसलां. आणि ह्यो," मुलाकडे बोट दाखवून, "खोटां वाचता."

"मी खोटां नाय वाचणंय! ही कुलस्वामिनीच आसा!" पोरगा रडकुंडीला आला, आणि त्याचंही खरंच होतं.

मॅडम हसायला लागल्या. आधी पदराआड, मग पदर सोडून, मग होडीला धरून. चष्मा काढून डोळे पुसले, फळीकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू. आम्ही सगळ्या ज्यांना टरकतो त्या मॅडमना उचकी लागली. मुलांना काही कळलं नाही, पण हसणं लागतंच. सगळा किनारा हसत सुटला. मीही हसले.

उचकी थांबल्यावर मॅडमनी त्या मुलीपुढे वाळूत बोटाने लिहिलं, "नारळ". तिने मान वाकडी केली. "ना... र... ळ." मग "तारवा". ते वाचून झाल्यावर ती म्हणाली, "तारवा म्हंजे काय?" मॅडम म्हणाल्या, "मला तरी कुठे माहीत? मी मनाने बनवला." मुलीने त्यांच्याकडे रागाने पाहिलं.

"अक्षरं कुणी शिकवली गं तुला?" मी विचारलं. खरं तर विचारायची लाज वाटत होती.

"तक्त्यान," ती म्हणाली. "होडयेवरचा अक्षर बघतंय आणि मगे तक्त्यात सोधतंय."

भिंतीकडे तोंड करून. तिथे तर तक्ता आहे! रोज, सगळे खिचडी खात असताना, ती होडीवरचं अक्षर डोळ्यांत धरून आणायची आणि भिंतीवर शोधायची. तिला एकाही होडीचा मालक ठाऊक नव्हता, कुणाची काकाची नाही की मामाची नाही. तिला वाचण्याखेरीज दुसरा मार्गच नव्हता. आणि मी लिहिलं होतं, गती कमी.

मुलांना मदतनीसबाईंच्या ताब्यात देऊन मी तशीच होमस्टेकडे पळत सुटले. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, ती चप्पल हातात घेतली. स्वयंपाकघरात तिची आई भाकऱ्या थापत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं, आधी शेवट, मग सुरुवात, मग पुन्हा शेवट. "माजा चुकला," मी म्हटलं. "ती वाचता! ती एकटीच वाचता!"

मला वाटलं होतं, ती आनंदाने उडी मारेल. तिने तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळली.

"सांजेक येवन ती माका होड्येंची नावां सांगता," ती म्हणाली. "पिठात बोटान काडून दाखयता. माका वाटला, पोरां आराडतत तां आयकून बडबडता. मी म्हटलंय, गप बस गो, बाईंनी म्हटलांहा तुका काय येणा नाय." तिचा आवाज चढला. "तुमच्या एका शब्दार मी भावाक फोन केलंय. तिचे कपडे भरून ठेवलंय! आता इल्यात धावत, म्हणतास वाचता. काल म्हणी होतास नाय येणा. मी खंयचां खरां मानू?"

तिच्या रागातला शब्दन्‌शब्द खरा होता.

"माका बघूचां आसा," ती म्हणाली. "माज्या डोळ्यांनी. जां कोणाकच म्हायत नाय, तां तिना वाचूक होया. मगेच."

पुढचे चार दिवस माझा जीव टांगणीला लागला. पेंटर एकदाचा आला आणि रात्रंदिवस नावं रंगवत सुटला, पण ती नावं काय उपयोगाची? ती तर मुलांना कोऱ्या फळीवरही येत होती. वाळूत लिहून दाखवावं तर ते मी शिकवून ठेवलं असेल, असं आईला वाटणार. वाटू दे, तिला तसा हक्कच होता.

सुटका झाली ती आचऱ्याच्या होडीने. वाडीतल्या एका घराने आचऱ्याहून जुनी होडी विकत घेतली होती. ती ट्रकवरून आली आणि नजर लागू नये म्हणून पूजेपर्यंत ताडपत्रीखाली ठेवली. नाव तिकडच्या मालकाने ठेवलेलं, वाडीत कुणीच वाचलेलं नव्हतं. मी पूजेच्या आदल्या दिवशी त्या घरी जाऊन हात जोडले आणि ताडपत्री काढताना आम्हाला बोलवायचं कबूल करून घेतलं.

नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर जत्राच असते. नारळ लढवायला बायका-पुरुष सारखेच पुढे. नारळावर नारळ आपटायचा, ज्याचा फुटेल तो हरला. ठकाठक आवाज, खोबऱ्याचे तुकडे, वाळूत पाण्याचे ओघळ, आणि आमची अठरा मुलं तोंडं भरून खोबरं खात होती. तिची आई स्वयंपाकघरातून सुटून आली, हाताला पीठ तसंच. ती माझ्याशी बोलली नाही. मुलीचाही हात धरला नाही. लांब उभी राहिली.

ताडपत्री निघाली. पिवळी होडी, लाल पट्टा. माझी सतरा मुलं तिच्याकडे पाहत राहिली. ओळखीचा वाक नाही, ठिगळ नाही, कुणाचा काका नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती सगळी एकदम गप्प झाली. मग पाठमोऱ्या वाचणाऱ्याला राहवेना, तो ओरडला, "आचऱ्याची होडी!" लोक हसले. त्यालाही वाटलं, आपलं बरोबर आलं.

मुलगी पुढे झाली. मान वाकडी. बोट हवेत. हातात फुलं घेतलेला नवा मालक थांबला, आरती पेटवणारे थांबले, नारळ लढवणारेही मागे वळून बघायला लागले. मी माझा हात माझ्याच तोंडावर दाबून धरला, कारण नाव मला दिसत होतं आणि मी स्वतःला ओळखते.

"रा," ती म्हणाली. मग "ज". पुढच्या अक्षराच्या डोक्यावरच्या टिंबापाशी बोट अडकलं. तिची आई एक पाऊल पुढे आली. मुलीने डोळे मिटले, अगदी गच्च. त्या मिटल्या डोळ्यांआड आमच्या खोलीची भिंत आहे, हे त्या गर्दीत फक्त मला कळत होतं.

"हं," तिने डोळे उघडले. "स. राजहंस."

कुणी टाळ्या वाजवायच्या आतच ती माझ्याकडे वळली. "बाई, राजहंस म्हंजे काय?"

आणि तिची आई हसली. रडत हसली, पिठाच्या हातांनी डोळे पुसले आणि गालभर पीठ माखून घेतलं. जो शब्द मुलीला ठाऊकच नाही तो ती कुणाचं ऐकून कसा बोलणार? हे माझ्याआधी तिला कळलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईला.

राजहंस म्हणजे काय, यावर तिथे जे सुरू झालं ते विचारू नका. एक म्हणाला बगळो, मोठो. दुसरा म्हणाला, बदकाचो थोरलो भाव. होडीच्या मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "माका काय म्हायत? मी लाकूड बघून घेतलंय." माझ्या सतरा मुलांनी तोवर होडीला गराडा घालून रंगाचा पट्टा, वाक, ठिगळ सगळं पाठ करून टाकलं होतं. दहा मिनिटांत ती "राजहंस! राजहंस!" ओरडत किनारा डोक्यावर घेत होती.

तिच्या आईने कमरेचा फोन काढला आणि एवढ्या गोंगाटात भावाला लावला. "दादा, मी बोलतंय. नाय, नाय, बरी आसा. आयक, आपल्या गावात राजहंस आसत काय?" थोडा वेळ ती ऐकत राहिली. "नाय ना? मगे थंय येवन ती काय करतली? ती येवची नाय."

चतुर्थीला ते सगळे गावाला गेले आणि सातव्या दिवशी सगळे परत आले. बाकीची मुलं खिचडीकडे धावली. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, मधेच "बाई, हयां काय?" म्हणत ऐरणीवर बोट ठेवलं. मी वही मिटली आणि तिच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून, उभी राहिले.